डालग्यावरचं घोंगडं

दिवेलागण झाली तरी कोंबडी डालग्याच्या पालथ्या टोपलीखाली जाईना.

आत्ती, म्हणजे माझी सासू, हातात कण्या घेऊन "ये ये ये" करत तिच्या मागं फिरत होती. पिल्लं आधीच आत कोंडलेली, कोपऱ्यात एकमेकांना चिकटून चिवचिवत होती. आईनं यावं, पंखाखाली घ्यावं, एवढंच त्यांचं मागणं. कोंबडी डालग्यापर्यंत यायची, मान वाकडी करून आत बघायची आणि फडफडत मागं सरायची. काल सांजचंही असंच झालं होतं, परवाही असंच.

"बघितलंस, हौसा?" आत्ती दबक्या आवाजात मला म्हणाली. "मुक्या जनावराला दिसतं. आपल्याला दिसत न्हाई."

"काय दिसतं, आत्ती?"

आत्तीनं नुसती हनुवटी चुलीकडं उडवली. चुलीपुढं बनाक्का भाकरी थापत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण भाकरी थापायचा आवाज तेवढा थांबला.

बनाक्का माझी थोरली जाऊ. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण कूस उजवली नव्हती. तिचा नवरा महिपती इचलकरंजीला मागावर कामाला, महिन्याकाठी घरी यायचा. घरात मग आम्ही तिघी बायका आणि माझा नवरा केरबा. मी धाकटी आणि पोटुशी. आदल्या साली माझं पोट तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं, त्यामुळं या खेपेला आत्तीनं म्हसोबाला नवस बोलला होता: बाळंतपण सुखाचं होऊ दे, घरच्या कोंबडीखाली निघालेला कोंबडा वाहीन. विकतचा चालायचा नाही. घरचंच अंडं, घरचीच अंड्यांवर बसलेली खुडूक, घरातच वाढलेला कोंबडा पाहिजे, असा आमच्याकडचा रिवाज.

म्हणून ती पिल्लं म्हणजे नुसती पिल्लं नव्हती. माझ्या पोटातला जीव त्यांच्या जिवाला बांधला होता. आणि ती एक एक करून मरत होती.

सकाळी डालगं उचललं की एखादं पांढरंफटक होऊन पडलेलं. अंगावर जखम नाही, मुंगसाचा दात नाही, मांजराचं नख नाही. उरलेली पंख पाडून, डोळे मिटून उभी. कोंबडीचा लालभडक तुरा उतरून पिठासारखा झालेला. मी मेलेलं पिल्लू हातात घेऊन, पिसं फुंकून फुंकून बघितलं. काही म्हणजे काही नाही. हलकं, कापसासारखं.

"रगत शोषून घेतलंय कुणीतरी," आत्ती म्हणाली.

खोटं कशाला सांगू, माझा हात आपोआप पोटावर गेला.

आत्तीचा इलाज पहिल्या दिवसापासूनच चालू होता. अंडी फुटली त्याच दिवशी तिनं खुराड्यावर टाकलेलं मामंजींचं काळं घोंगडं काढलं, त्याचा रुंद पट्टा फाडला, कोपऱ्यात बिब्बा आणि सुकी मिरची बांधली आणि डालग्याभोवती गुंडाळला. काळ्यावर नजर ठरत नाही. पहिलं पिल्लू मेलं तशी घोंगड्याची दुसरी घडी पडली. तिसरं मेलं तशी डालगंच आतल्या सोप्यात, कणगीच्या मागच्या अंधारात गेलं. बनाक्काची सावलीही पडायला नको, एवढाच त्यामागचा हिशेब.

बनाक्का एकदाच बोलली. धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "आत्ती, पिल्लं उन्हात काढा. मातीत लोळू द्या जरा."

"व्हय तर!" आत्तीनं फणकाऱ्यानं बादली आपटली. "उन्हात काढते, म्हंजे तुला निवांत बघायला गावतील!"

पण त्याच दुपारी मी तिला चुलीतली राख फडक्यातून चाळताना बघितलं.

"काय करतीयास गं राखंचं?" मी विचारलं.

"भांडी घासायला."

आता भांड्यांची राख मोरीत मडकंभर पडली होती, आणि ती कुणी कधी चाळून घेत नाही. ते माझ्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी तिच्या पदरात कडुलिंबाचा पाला. अंगणात सुकत घातला नाही, माळ्यावर नेऊन ठेवला. मग केरबा सकाळी ओरडला, "माझ्या चंचीतली तंबाखू कुणी नेली रं?" घरात तंबाखू खाणारा तो एकटाच.

राख, कडुलिंब, तंबाखू. आणि माळ्यावर अंधारात जाऊन बसणारी बाई. रात्री मी केरबाच्या कानाशी लागले.

"मला भीती वाटती. थोरलीचं काहीतरी चाललंय."

"तुझं डोस्कं फिरलंय," तो कूस बदलत म्हणाला. "पिल्लाला कसलातरी रोग असंल. तर ह्या बाया घोंगडं बांधत्यात. रोग म्हशीला आन औषध पखालीला!"

"मग तू बघ की काय रोग हाय ते."

"उद्या बघू," म्हणाला आणि घोरायला लागला. बाप्या माणसांचं उद्या कधी उजाडत नाही.

आत्तीनं मात्र ठरवून टाकलं होतं. पाण्याला जाताना वाटेत मला थांबवून म्हणाली, "आता धा-बारातली निम्मीबी उरली न्हाईत. ही गेली तर थोरलीला माहेरी धाडणार. कायमची. महिपतीला सांगावा गेलाय, येत्या बाजारापतोर येईल. त्याचं दुसरं बघू."

"आत्ती, दुसरं लगीन?"

"मग काय तुझ्या पोटावर निखारा ठेवू?"

मी घागर कमरेवर घेतली आणि चालू लागले. बनाक्कानं मला या घरात आल्यावर पहिली पुरणपोळी लाटायला शिकवली होती. आदल्या साली माझं पोट गेलं तेव्हा माझे कपडे तिनं धुतले होते, आत्तीनं नाही. हे सगळं मला आठवत होतं. तरी पण पोटात जीव असला की बाई कुणाची राहत नाही. मी बनाक्कावर डोळा ठेवायला लागले. ती उठली की मी उठायची. ती परड्यात गेली की मला परड्यात काम निघायचं. तिला ते कळत होतं. एकदा तर मागं वळून म्हणाली, "ये गं बाई, हात धरून चाल, म्हंजे चुकायची न्हाईस."

आणि मग तो दिवस आला. तिन्हीसांजेची वेळ. आत्ती म्हशीकडं गेली होती. मी देवापुढं दिवा लावत होते. आतल्या सोप्यातून पिल्लांची चिवचिव अचानक वाढली. मी निरंजन तसंच हातात घेऊन आत गेले.

कणगीच्या मागं बनाक्का गुडघ्यावर बसली होती. एक हात कोपरापर्यंत घोंगड्याच्या घडीत. दुसऱ्या हातात फडक्याचं गाठोडं, त्यातून राख सांडत होती.

"आक्का!"

तिनं दचकून हात बाहेर काढला. निरंजनाच्या उजेडात मला तिची बोटं दिसली. लाल. टोकापासून पहिल्या पेरापर्यंत लालभडक.

माझी किंकाळी ऐकून आत्ती धावत आली. तिनं एकदा राखेकडं बघितलं, एकदा बोटांकडं, आणि छातीवर हात मारून घेतला. "रगत! अगं माझ्या बया! मसणातली राख टाकतीया आन रगत काढतीया!"

"आत्ती, ऐका तर," बनाक्का उठून उभी राहिली.

"तोंड उघडू नकोस! त्या पोरीकडं बघू नकोस!" आत्तीनं तिच्या आणि माझ्या मध्ये येऊन पदर आडवा धरला. खरंच सांगते, भिंतीसारखा धरला.

बनाक्का त्या पदराकडं बघत राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "आत्ती, एकदा. फक्त एकदा त्या घडीत तुमचा हात घालून बघा."

"माझा हात? तू काय पुरून ठेवलंयस तिथं, आन मी हात घालू?"

"हौसा, तू बघ."

"ती न्हाई बघायची!" आत्तीच बोलली. मी तिच्या पदरामागंच राहिले. निरंजनातलं तूप माझ्या बोटावर सांडत होतं.

बनाक्कानं लाल बोटं फडक्याला पुसली. "ज्याला बघायचंच न्हाई त्याला काय दावू?" एवढं म्हणून ती माळ्यावर गेली आणि वरून तिच्या ट्रंकेचं झाकण वाजलं.

सकाळी ती चहा न घेताच निघाली. एका हातात पत्र्याची ट्रंक, खांद्यावर बोचकं. फाट्यावरून एस.टी. होती. केरबा सोडायला निघाला तर तिनं त्याला मागं फिरवलं. आत्ती दारात उभी राहून मीठ-मोहऱ्या ओवाळत होती, माझ्यावरून. बनाक्कानं ते बघितलं आणि वळून चालू लागली.

आत्ती म्हशीचं दूध काढायला गेली. मी आतल्या सोप्यात आले.

मला पिल्लं बघायची नव्हती. मला ते बघायचं होतं, जे बनाक्कानं घोंगड्यात ठेवलं होतं. लिंबू असेल, टाचण्या असतील, कुणाचे केस असतील. ते काढून परड्यात पुरलं की माझ्या जिवाला स्वस्थता मिळाली असती. मी चुलीतलं जळतं लाकूड उजेडाला घेतलं आणि डालग्यावरची घडी उलटली.

आत काही नव्हतं. लिंबू नाही, टाचणी नाही. घोंगड्याच्या शिवणीत, दुमडीत, बिब्ब्याच्या गाठीभोवती तांबडी भुकटी बसली होती. मिरचीपूड सांडावी तशी. मला वाटलं, गाठीतली मिरची फुटली. मी आणखी एक घडी उलटली, तिथंही भुकटी. मी लाकूड जवळ नेलं.

आणि भुकटी चालायला लागली.

अगदी बारीक, डोळ्याला जेमतेम दिसतील अशा पिसवा. हजारो. उजेडापासून पळत होत्या, एका घडीतून दुसऱ्या घडीत. मी बोटानं दाबलं. लाल झालं. दुसऱ्या बोटानं दाबलं. तेही लाल. माझ्या मनगटावरून काहीतरी सरसर वर चढत होतं आणि खाज सुटली होती. मी बोटं डोळ्यांपुढं धरली. काल निरंजनाच्या उजेडात बघितलेली बोटं, तीच ही बोटं. फक्त माझी होती.

पिल्लू दिवसा हातात घेतलं की अंगावर काही नाही, कारण दिवसा त्या घोंगड्यात दडायच्या. अंधार पडला की डालग्यात उतरायच्या आणि रात्रभर पिल्लांचं रक्त प्यायच्या. कोंबडीला ते कळत होतं म्हणून ती आत जात नव्हती. घोंगडं कैक दिवस खुराड्यावर पडलेलं, पिसवा तिथूनच आलेल्या. जितक्या घड्या आम्ही वाढवल्या तितकी त्यांना दडायला जागा झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मी घोंगडं ओढून काढलं आणि तसंच गोठ्यात नेलं.

"आत्ती, हात द्या."

"काय गं? काय झालं?"

"हात द्या म्हणते!" माझं तोंड तसं फटकळच, पण सासूवर असा आवाज मी पहिल्यांदा चढवला. मी तिचा हात धरला आणि घडीवर दाबला.

आत्तीनं बोटं वर घेतली. बघितली. लुगड्याला पुसली, पुन्हा बघितली. "ह्ये... कुणाचं रगत?"

"पिल्लांचं. ह्या घोंगड्यातल्या पिसवांनी प्यालेलं. थोरली राखेनं त्या मारत होती."

आत्ती दुधाची चरवी तशीच ठेवून खाली बसली. "तुझ्या मामंजींचं हाय ते," ती म्हणाली. "वाटलं, तेच राखतील लेकरांना. म्हणून त्यांचंच घातलं गं." तिचा आवाज फुटला. मामंजी जाऊन किती वर्षं झाली होती, पण त्यांच्यासाठी रडताना मी तिला पहिल्यांदा बघितलं. मला तिचा राग आला होता आणि तिची कीवही आली, दोन्ही एकदम.

"एस.टी. जाईल, आत्ती," मी म्हणाले, आणि निघाले.

"अगं पळू नको! पोटुशी हायस!" ती मागून ओरडली.

मी पळाले नाही, पण पोटुशी बाईनं चालू नये एवढ्या झपाट्यानं चालले. फाट्यावर बनाक्का ट्रंकेवर बसली होती. मला बघून उठली, पण हसली नाही.

"आक्का, घरी चल. मी बघितलं. पिसवा हायत."

"आत्तीनं धाडलंय?"

"न्हाई. मी आले."

"मग तू जा घरी. सावकाश जा." तिनं माझ्या कपाळाचा घाम आपल्या पदरानं पुसला. "मी तुझ्यावर रागावले न्हाई. पण ज्या घरात माझ्यापुढं पदर आडवा धरत्यात, तिथं मी येत न्हाई."

तिचं बरोबर होतं. मी नुसती तिच्या ट्रंकेची कडी धरून उभी राहिले, जशी काही एस.टी. माझ्या हातात होती.

तेवढ्यात वळणावरून आत्ती आली. अनवाणी, धापा टाकत, पदर मातीत लोळत. तिनं हात धुतला नव्हता. ती बनाक्काच्या पुढं आली, श्वास घेतला आणि ते लाल बोट तिच्यापुढं धरलं. माफी-बिफी काही नाही. आमच्या आत्तीच्या तोंडात तो शब्दच नव्हता.

"चल," ती म्हणाली. "पिल्लं मरत्यात."

"मरू द्यात. माझी नजर वाईट हाय न्हवं?"

आत्तीनं ते बोट खाली घेतलं नाही. लांबून एस.टी.चा आवाज यायला लागला.

"येते," बनाक्का म्हणाली. "पण डालगं भर अंगणात मांडणार. उन्हात. आन मी समोर बसून बघणार. सगळा गाव जाऊ दे तिथनं. कुणी पदर आडवा धरायचा न्हाई."

"बस की," आत्ती म्हणाली आणि वाकून ट्रंक उचलली. तिला ती झेपत नव्हती. शेवटी आम्ही तिघींनी मिळून ती घरापर्यंत नेली, आणि एस.टी. आमच्या बाजूनं धुरळा उडवत निघून गेली.

घरी आल्या आल्या बनाक्कानं पदर खोचला. अंगणात पाचट पेटवून रिकामं डालगं जाळावरून फिरवून घेतलं, तड तड आवाज आला. जमीन झाडून जुना भुसा जाळला. माळ्यावरची राख, त्यात चुरलेला कडुलिंब आणि केरबाची तंबाखू, सगळं परातीत ओतलं. एकेक पिल्लू हातात घेऊन पंखाखाली, शेपटाखाली राख चोळली, नाकाडोळ्याला जपून. केरबा आला आणि म्हणाला, "अस्सं! माझी तंबाखू कोंबड्या खात्यात व्हय!"

आत्तीनं घोंगडं जाळात टाकायला उचललं, तशी बनाक्कानं तिचा हात धरला. "जाळू नका. मामंजींचं हाय. हंड्यात उकळत्या पाण्यात घाला, मग कडक उन्हात टाका."

आत्तीनं तिच्याकडं बघितलं आणि हंडा चुलीवर ठेवायला गेली.

मग उरलेली राख अंगणातल्या मातीत ओतली आणि कोंबडीला सोडलं. तिनं अंगणात मातीचा खळगा बघितला, त्यातली राख बघितली आणि त्यात अशी लोळली म्हणता! पंख पसरून, एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर, डोळे मिटून. पिल्लंही तिच्या मागं धडपडत खळग्यात उतरली.

बनाक्का समोर उंबऱ्याजवळ पाट टाकून बसली. गुडघ्यावर हनुवटी ठेवून, न हलता. शेजारची पारूबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. ती थबकली आणि आत्तीला हाक मारून म्हणाली, "अगं सरूबाई! थोरली पिल्लांम्होरं बसलीया की!"

आत्ती चुलीपासून बाहेर आली. मला वाटलं, आता हिचा हात पदराकडं जाणार. तिनं पदर कमरेला खोचला. "बसू दे," ती म्हणाली. "घरची हाय."

त्या दिवसानंतर एकही पिल्लू मेलं नाही असं मी म्हणणार नाही. एक फारच अशक्त होतं, ते गेलं. बाकीची जगली. कोंबडीचा तुरा हळूहळू लाल झाला. महिपती बाजाराच्या आधी आला, कशासाठी बोलावलं ते त्याला कुणी सांगितलं नाही. आईची चटणी-भाकरी खाऊन आणि बायकोशी गप्पा मारून परत गेला. उरलेल्यांतला एक कोंबडा दणदणीत निघाला, पहाटे सगळ्या गल्लीला उठवायचा. तो बोलल्याप्रमाणे म्हसोबाला गेला.

तेव्हा पोटात असलेला माझा मुलगा आता स्वतः बाप झालाय, कालच त्याच्या लेकीचं बारसं झालं. दंडाला काळा दोरा, गालाला काजळ, सगळं बघून मला त्याच्या जन्माचा दिवस आठवला.

मी खोलीत पडले होते, अंगात त्राण नव्हतं. सुईणीनं बाळ पुसून आत्तीच्या हातात दिलं. बनाक्का दाराबाहेर उभी होती. आत यायची नाही, डोकावूनसुद्धा बघायची नाही, नुसती पाठ दिसत होती तिची. आत्तीनं बाळ घेतलं आणि सरळ दाराकडं गेली.

"आत्ती," मी पडल्या पडल्या म्हणाले, "काजळाची तीट लावायची राहिली."

"राहू दे," आत्ती म्हणाली. तिनं बनाक्काला खांद्याला धरून वळवलं, खाली बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. "आधी थोरलीला डोळे भरून बघू दे."